चालत आलेली कथा, नवा भाग आणि रसिकांचा कौल : दक्षिण कोकणातील दशावताराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

एखादी कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली की ती केवळ निर्मात्याची राहत नाही. ती ऐकणारे व पाहणारे लोक तिचे वारसदार बनतात आणि तिच्यात पडणाऱ्या प्रत्येक नव्या भरीविषयी आपले मत देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतात. पाश्चात्त्य देशांत गेल्या अर्धशतकात विज्ञानपटांच्या प्रदीर्घ मालिकांभोवती असा जाणकार चाहतावर्ग उभा राहिला. 'स्टार वॉर्स', 'स्टार ट्रेक', 'गॉडझिला' यांसारख्या मालिकांचा नवा भाग आला की तो मूळ कथेशी प्रामाणिक आहे काय, याची चर्चा चित्रपटाच्या गुणदोषांइतकीच अटीतटीने होते.

मराठी मुलखात विज्ञानपटांची अशी स्वतंत्र परंपरा रुजली नाही. मराठीतील विज्ञानसाहित्य प्रामुख्याने कथा-कादंबरीच्या अंगाने वाढले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने पाठविलेली 'कृष्णविवर' ही कथा व १९७९ साली प्रसिद्ध झालेला 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह हे या वाढीतील महत्त्वाचे टप्पे होत. हिंदीत 'कोई मिल गया' (२००३), 'क्रिश' (२००६) व 'क्रिश ३' (२०१३) अशी एक मालिका झाली. परंतु तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद उभा राहावा इतके तिचे वय नाही. मात्र ज्ञात कथा, ठरलेली पात्रे, अद्भुताची ओढ, वर्षानुवर्षे पडणारी नवी भर आणि त्या भरीचा न्याय करणारा जाणता प्रेक्षक ही पाचही लक्षणे ज्या कलाप्रकारात एकत्र आढळतात, असा एक कलाप्रकार सिंधुदुर्ग जिल्ह्यात शतकानुशतके जिवंत आहे. तो म्हणजे दशावतार होय.

प्रस्तुत लेखात दशावताराच्या प्रेक्षकांनी नव्या आख्यानांविषयी व नव्या सादरीकरणाविषयी घेतलेल्या भूमिकांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. त्यासाठी विज्ञानपट मालिकांच्या चाहत्यांच्या मतांचा इतिहास तुलनेला घेतला आहे. प्रेक्षक नावीन्याला विरोध करतो काय, आणि करीत असल्यास नेमका कशाला करतो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. प्रेक्षकाच्या मताला वजन कोठून येते, हा त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न आहे.

विज्ञानपट मालिका आणि चाहत्यांचे मत : एक आढावा

चाहत्यांच्या संघटित मताचा इतिहास विज्ञानपटांच्याही आधीचा आहे. आर्थर कॉनन डॉईल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सचा मृत्यू घडवून आणला, तेव्हा वाचकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. पुढे १९०३ साली लेखकाला होम्सला परत आणावे लागले. कथेतील पात्राचे भवितव्य ठरविताना लेखकाला वाचकांची दखल घ्यावी लागते, ही गोष्ट या प्रसंगाने स्पष्ट झाली.

दूरचित्रवाणीच्या काळात हीच शक्ती अधिक संघटित झाली. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ साली अमेरिकेत सुरू झाली. ती बंद होण्याची चिन्हे दिसू लागताच चाहत्यांनी पत्रांची मोहीम उभारली. मार्च १९६८ मध्ये मालिका पुढे चालू राहणार असल्याची घोषणा वाहिनीला आपल्या प्रक्षेपणातूनच करावी लागली. मात्र त्यानंतर मालिकेला शुक्रवारी रात्री उशिराची गैरसोयीची वेळ देण्यात आली आणि १९६९ साली ती बंद पडली. चाहत्यांच्या मताने मालिका जगली, पण किती काळ व कशा स्थितीत जगावी हे त्यांना ठरविता आले नाही.

'स्टार वॉर्स'चा पहिला चित्रपट १९७७ साली आला. त्यानंतर १९८० व १९८३ साली पुढील दोन चित्रपट आले. १९९७ साली जॉर्ज लुकास यांनी या तिन्ही चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या काढल्या व काही जुन्या दृश्यांत फेरफार केले. त्यांतील एका दृश्यात नायकसमान पात्राने आधी गोळी झाडली की त्याच्या शत्रूने, एवढ्या एका बदलावरून उठलेला वाद आजही शमलेला नाही. वरवर पाहता हा वाद क्षुल्लक वाटतो. वस्तुतः त्यामागे पात्राच्या स्वभावाचा प्रश्न होता. स्वार्थी व बेफिकीर माणूस पुढे निष्ठावंत होतो, हा त्या पात्राचा प्रवास होय. आरंभीच त्याला निर्दोष केले तर प्रवासच उरत नाही, असा चाहत्यांचा आक्षेप होता. १९९९ साली आलेल्या पूर्वकथेच्या चित्रपटात गूढ शक्तीचे स्पष्टीकरण रक्तातील सूक्ष्म जीवांच्या संख्येने देण्यात आले, तेही अनेकांना रुचले नाही. जे श्रद्धेने स्वीकारले होते ते मोजमापात बसविल्याची ही नाराजी होती.

जपानमधील 'गॉडझिला'चे उदाहरण आणखी बोलके आहे. १९५४ साली अणुबॉम्बच्या छायेत जन्मलेले हे पात्र १९९८ साली अमेरिकेत नव्या रूपात आले. ते रूप चाहत्यांनी नाकारले. पुढे २००४ सालच्या जपानी चित्रपटात त्या अमेरिकी रूपाला 'झिला' असे वेगळे नाव देऊन मूळ गॉडझिलाकडून त्याचा पराभव करण्यात आला. म्हणजे चाहत्यांचे मत कथेच्या पोटातच सामावून घेतले गेले. याउलट २०२३ सालचा 'गॉडझिला मायनस वन' हा चित्रपट कथा युद्धोत्तर काळात नेऊन मूळ भीतीशी पुन्हा नाते जोडतो. त्याचे जगभर स्वागत झाले व २०२४ साली त्याला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर पुरस्कारही मिळाला. तो नवा होता, तंत्रही नवे होते. तरीही तो परका वाटला नाही.

दशावतार : पोथी, आख्यान आणि प्रेक्षक

दशावताराच्या उगमाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आडिवरे येथील श्यामजी नाईक काळे यांनी इ. स. १७२८ च्या सुमारास हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणला, असे परंपरेने सांगितले जाते. तथापि सतराव्या शतकातील समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'त दशावतारी खेळांचा व त्यात स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांचा उल्लेख आढळतो. त्यामुळे या खेळाची पाळेमुळे त्याहून जुनी आहेत, असे मानावे लागते. १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा आणि त्याला लागून असलेला उत्तर गोवा हा आज या कलेचा मुख्य प्रदेश होय.

कार्तिक महिन्यात ग्रामदेवतांच्या जत्रांना आरंभ होतो आणि दशावतारी मंडळींचा हंगामही सुरू होतो. मंदिराच्या सभामंडपात किंवा समोरच्या मांडवात रात्री उशिरा खेळ उभा राहतो व पहाटेच्या दहीकाल्याने संपतो. रंगमंचावर एक पडदा व एक लाकडी बाकडे एवढेच नेपथ्य असते; तेच बाकडे कधी सिंहासन होते, तर कधी पर्वत. पूर्वरंगात म्हणजे आडदशावतारात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती यांचे आगमन होते आणि वेद पळविणाऱ्या संकासुराचा वध होतो. उत्तररंगात पुराणातील एखादे आख्यान सादर केले जाते. नाव दशावतार असले तरी एका रात्रीत दहाही अवतार दाखविले जात नाहीत. पखवाज, पायपेटी व झांज यांची साथ असते. सर्व भूमिका परंपरेने पुरुषच करतात. राजपार्टी, स्त्रीपार्टी, खलनायक व विनोदी पात्र अशी नटांची विभागणी असते.

या कलेचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे लिखित संहितेचा अभाव होय. खेळापूर्वी कथेची रूपरेषा सांगितली जाते, भूमिका वाटल्या जातात आणि नट संवाद रंगमंचावरच उत्स्फूर्तपणे रचतो. अर्थात नटाचा पुराणांचा व्यासंग दांडगा असावा लागतो. परंतु हा व्यासंग एकट्या नटाचा नसतो, तो प्रेक्षकाचाही असतो, हे येथे विसरता येत नाही. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३), 'पांडवप्रताप' (१७१२) व 'शिवलीलामृत' (१७१८) हे ग्रंथ, तसेच १८१९ मधील 'नवनाथ भक्तिसार' यांचे वाचन कोकणात घरोघरी होत आले आहे. श्रावणातील पोथी ऐकलेला माणूस कार्तिकातील जत्रेत प्रेक्षक म्हणून बसतो. त्याला कथा ठाऊक असते, शेवट ठाऊक असतो, कोणत्या पात्राला कोणता शाप आहे हेही ठाऊक असते. त्यामुळे 'पुढे काय होणार' ही उत्सुकता त्याला नसते. 'हे आज कसे होणार' ही उत्सुकता मात्र असते. अभिमन्यूचा वध होणार हे माहीत असूनही चक्रव्यूहात शिरण्यापूर्वी तो आईशी काय बोलतो, यासाठी तो रात्रभर जागतो.

विज्ञानपट मालिकेचा चाहता ज्याला प्रमाणकथा मानतो, तिचे स्थान दशावतारात पोथीला आहे. मात्र पोथी आणि प्रयोग यांत एक अंतर मुद्दाम ठेवलेले असते. देव, ऋषी व राजे प्रमाण मराठीत, संस्कृतप्रचुर शैलीत बोलतात आणि पोथीची मर्यादा पाळतात. संकासुर व इतर विनोदी पात्रे मालवणीत बोलतात आणि गावच्या चालू घडामोडींवरही टीकाटिप्पणी करतात. म्हणजेच नावीन्याला कोठे मोकळीक आहे व कोठे नाही, याची वाटणी या कलाप्रकाराने आधीच करून ठेवली आहे. संकासुर नव्या रस्त्याबद्दल वा निवडणुकीबद्दल बोलला तर प्रेक्षक खुशीत हसतात; तेच बोलणे श्रीकृष्णाच्या तोंडी आले तर कुरबुर होते. आधुनिक चित्रपट मालिकांना अशी वाटणी लाभली नाही. त्यामुळे तेथे प्रत्येक बदलाचा वाद नव्याने मांडावा लागतो.

'मूळ' कशाला म्हणावे?

नव्याला विरोध करताना 'मूळ दशावतार असा नव्हता' हे विधान नेहमी केले जाते. इतिहासाच्या कसोटीवर हे विधान तपासून पाहणे आवश्यक आहे. एके काळी मंडळींचे सामान पेटाऱ्यांत भरून डोक्यावरून गावोगाव पायी नेले जात असे. आज ते वाहनाने जाते. दिवट्यांच्या उजेडातील खेळ पुढे गॅसबत्तीखाली व त्यानंतर विजेच्या प्रकाशात होऊ लागला. ध्वनिवर्धक आला. ज्या पायपेटीवाचून आज दशावताराची कल्पना करवत नाही, ती पेटीच मुळात युरोपीय वाद्याची वंशज असून एकोणिसाव्या शतकात भारतात आली. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' झाले व १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आले. त्यानंतर बहरलेल्या संगीत नाटकाच्या चालींचा दशावतारी गायनावर ठसा उमटला. आज जाणते रसिक ज्या नाट्यपदाला दाद देतात, ते पद दशावतारात कधीतरी नवेच होते.

हाच प्रकार विज्ञानपटांतही दिसतो. 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या चित्रपटाच्या आरंभी दिसणारा 'चौथा भाग' हा उल्लेख १९७७ साली नव्हता. तो १९८१ सालच्या पुनःप्रदर्शनात जोडला गेला. ज्याला आज मूळ म्हटले जाते, तेही दुरुस्त केलेलेच आहे.

यावरून असे दिसते की, 'मूळ' ही कालाच्या एका बिंदूवर गोठलेली वस्तू नव्हे. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहते त्यालाच मूळ मानते. परंतु एवढ्यावरून रसिकांचा आक्षेप केवळ स्मरणरंजन ठरवून मोडीत काढणेही योग्य नाही. पेटी, वीज व नाट्यपद ही तिन्ही आली तरी उत्स्फूर्त संवाद टिकून राहिला, किंबहुना या साधनांनी त्याला बळच दिले. म्हणून आलेली गोष्ट नवी आहे की जुनी, यापेक्षा ती या कलेच्या गाभ्याचे काय करते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

ट्रिकसीन आणि काल्पनिक आख्याने

गेल्या काही दशकांत दशावतारात दोन मोठे बदल झाले. त्यांतील पहिला बदल म्हणजे 'ट्रिकसीनयुक्त' नाटके होत. विजेचे दिवे, धूर, यांत्रिक साधने यांच्या साहाय्याने देवतेचे प्रकट होणे, अस्त्रांचा मारा, मायावी युद्ध अशी दृश्ये दाखविली जाऊ लागली. दुसरा बदल म्हणजे काल्पनिक आख्याने. पात्रे पुराणातील किंवा पुराणासारखी, परंतु कथानक नव्याने रचलेले, असा हा प्रकार आहे. याखेरीज निरनिराळ्या मंडळांतील नामवंत नटांना एकत्र आणणारे 'संयुक्त दशावतार'ही होऊ लागले.

या बदलांविषयी रसिकांत स्पष्ट दोन तट दिसतात. अनुकूल मत असे की, दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी हाती असलेल्या तरुणाला रात्रभर मंदिराच्या आवारात बसवायचे असेल तर दृश्याची ओढ हवीच. पुराणे अद्भुताने भरलेली आहेत. अग्न्यस्त्र म्हटल्यावर प्रत्यक्ष ज्वाळा दिसली तर त्यात गैर काय, असाही प्रश्न विचारला जातो. जत्रेबाहेर, सणासमारंभांत व मुंबईतील चाकरमान्यांसमोर होणाऱ्या प्रयोगांना यामुळे गर्दी होते आणि नटाच्या हाती चार पैसे अधिक पडतात, हे व्यावहारिक कारणही दुर्लक्षिण्याजोगे नाही. दशावतारी कलावंत बहुधा हंगामी असतो. पावसाळ्यात शेती किंवा मोलमजुरी आणि हंगामात रात्रीमागून रात्री खेळ, असे त्याचे जीवन असते.

प्रतिकूल मताचे मुद्देही तितकेच विचारार्ह आहेत. पहिला मुद्दा वेळेचा. यांत्रिक दृश्याच्या मांडामांडीत गेलेला वेळ संवादातून वजा होतो. दुसरा मुद्दा कल्पनेचा. बाकड्याला पर्वत मानणारा प्रेक्षक नटाच्या शब्दावर विश्वास ठेवून ते मानतो. पर्वत समोर आणून ठेवला की शब्दाचे काम संपते. तिसरा मुद्दा खर्चाचा. साधनसामग्रीचा खर्च मोठ्या मंडळांना झेपतो, लहान मंडळांना झेपत नाही. सर्वच गावांनी ट्रिकसीनचा आग्रह धरला तर लहान मंडळे मागे पडतील, ही भीती निराधार नाही. काल्पनिक आख्यानांबाबतचा आक्षेप निराळा आहे. पोथीचा आधार सुटला की प्रेक्षकाच्या हातातील मापच नाहीसे होते. नट चुकला हे म्हणायला काय बरोबर होते ते ठाऊक असावे लागते.

तथापि या आक्षेपांचे स्वरूप बारकाईने पाहिले तर ते सरसकट नावीन्याविरुद्ध नाहीत, हे ध्यानात येते. काल्पनिक आख्यानातही राजा राजासारखा बोलला, धर्मसंकट खरे वाटले, युद्धनृत्यापूर्वीची शब्दांची जुगलबंदी रंगली, तर तेच रसिक त्याला मनापासून दाद देतात. ट्रिकसीनही क्षणभर येऊन संवादाला वाट देत असेल तर खटकत नाही. १९९७ च्या बदललेल्या दृश्यावर चिडणारा 'स्टार वॉर्स'चा चाहता आणि श्रीकृष्णाच्या तोंडचा थिल्लर विनोद नापसंत करणारा नेरूर-वालावलचा वृद्ध रसिक यांचा मुद्दा एकच आहे. पात्राने आपला स्वभाव सोडू नये, एवढीच दोघांची मागणी आहे.

भूमिका, नट आणि पुढचा भाग

प्रदीर्घ कथेत पात्र टिकते आणि नट बदलतो. यातूनही चाहत्यांचे मत तीव्र होते. दशावतारात ही गोष्ट घराण्याच्या व मंडळाच्या परंपरेतून सोसली जाते. नेरूरच्या कलेश्वर दशावतार नाट्य मंडळाशी निगडित बाबी कलिंगण, त्यांचे पुत्र सुधीर कलिंगण व पुढील पिढी हे याचे ठळक उदाहरण होय. 'लोकराजा' म्हणून ओळखले जाणारे सुधीर कलिंगण २०२२ साली निवर्तले, तेव्हा जिल्हाभर हळहळ व्यक्त झाली. पण राजपार्टी थांबली नाही. ती दुसऱ्याने उभी केली. एकच भूमिका अनेक नटांनी एकाच हंगामात करण्याची सवय प्रेक्षकाला असल्यामुळे तो तुलना करतो, पण नव्याला नाकारत नाही.

मालवणी व्यावसायिक नाटकात स्थिती थोडी वेगळी दिसते. १९८० साली आलेल्या गंगाराम गवाणकर लिखित 'वस्त्रहरण' या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. मच्छिंद्र कांबळी यांच्याशी तात्या सरपंचाची भूमिका इतकी एकजीव झाली, की २००७ साली त्यांच्या निधनानंतर ती करणाऱ्या प्रत्येकाला तुलनेला सामोरे जावे लागले. येथे भूमिका परंपरेची नसून एका नटाने घडविलेली होती, हे या फरकाचे कारण होय.

दूरचित्रवाणीवर हाच प्रश्न 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेच्या निमित्ताने सिंधुदुर्गात उपस्थित झाला. सावंतवाडीजवळच्या आकेरी येथे चित्रित झालेली ही मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठी वाहिनीवर सुरू झाली. अंधश्रद्धेला खतपाणी घालून कोकणाची बदनामी केली जाते, असा आक्षेप आरंभी जिल्ह्यातूनच घेतला गेला. पुढे त्याच आकेरीतील 'नाईकांचा वाडा' पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेला दुसरा भाग ही पहिल्याची पूर्वकथा होती. पहिल्या भागात आरंभीच मरण पावलेले अण्णा नाईक हे पात्र त्यात केंद्रस्थानी आले आणि माधव अभ्यंकर यांचे अण्णा व अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता ही नावे घरोघर पोहोचली. २०२१ साली आलेल्या तिसऱ्या भागात शेवंतेची अभिनेत्री मध्येच बदलली, तेव्हा प्रेक्षकांना ती शेवंता आपली वाटेना.

पूर्वकथा म्हणून 'स्टार वॉर्स'चा १९९९ चा चित्रपट वादग्रस्त ठरला आणि 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग लोकप्रिय झाला, या फरकाचा विचार करण्याजोगा आहे. पहिल्याने गूढाचे स्पष्टीकरण दिले. दुसऱ्याने माणसाचा इतिहास सांगितला. शेवट ठाऊक असलेली गोष्ट 'कशी' घडली हे पाहण्यात रस असणे, ही तर दशावताराच्या प्रेक्षकाची जुनीच सवय होय.

मताचे वजन

आतापर्यंतच्या विवेचनात मतांचे साम्य दाखविले. परंतु त्या मतांच्या परिणामांत मोठा फरक आहे. विज्ञानपट मालिकेच्या चाहत्याजवळ मत असते, पण निर्णयाचे साधन नसते. २०१२ साली 'स्टार वॉर्स'ची मालकी डिस्ने कंपनीकडे गेली, त्या व्यवहारात चाहत्यांना कोणी विचारले नाही. तिकीट घेणे अथवा न घेणे एवढेच त्यांच्या हाती राहते. ज्या मताला वाट मिळत नाही ते आवाज चढविते आणि पुष्कळदा नेमक्या चुकीच्या माणसावर जाऊन आदळते. १९९९ च्या चित्रपटात जार जार बिंक्स हे पात्र साकारणारे अहमद बेस्ट यांनी, त्या काळच्या टीकेने आपण जीवन संपविण्याच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो, असे २०१८ साली जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी नव्या भागातील अभिनेत्री केली मेरी ट्रॅन यांना छळवणुकीनंतर समाजमाध्यम सोडावे लागले. पात्र लिहिणारा व पैसा लावणारा दूर राहिला. घाव झेलला तो नटाने.

दशावतारात रसिकाचे मत गावाच्या व्यवस्थेत गुंतलेले असते. कोणत्या मंडळाला कोणत्या जत्रेची रात्र द्यायची, हे परंपरेने व देवस्थानच्या मानकऱ्यांच्या विचाराने ठरते. खेळ आवडला तर प्रयोग चालू असतानाच बक्षीस जाहीर होते. नाही आवडला तर पहाटे चहाच्या टपरीवर नटाला तोंडावर ऐकवले जाते. मात्र ऐकवणारा व ऐकणारा दोघेही एकमेकांना नावाने ओळखतात, पुढच्या वर्षी पुन्हा भेटणार असतात. त्यामुळे टीका कडक असली तरी तिला लगाम असतो. ज्या राजाला रात्री नमस्कार केला तोच सकाळी रंग पुसून गाडीत सामान भरताना दिसतो, याचेही भान प्रेक्षकाला असते.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. मानकऱ्यांची आवड म्हणजे साऱ्या गावाची आवड नसते, आणि स्त्रियांच्या व तरुणांच्या मताला निर्णयात कितपत स्थान मिळते हा प्रश्न उरतोच. शिवाय प्रयोगांचे ध्वनिचित्रमुद्रण होऊन ते दूरवर पाहिले जाऊ लागल्यापासून दशावताराचाही प्रेक्षक बदलत आहे. कोरोनाकाळात जत्रा थांबल्या तेव्हा पडद्यावरचे हे प्रयोगच अनेकांना आधार झाले. पण पडद्यासमोरच्या प्रेक्षकाला नट नावाने ओळखत नाही, आणि हा प्रेक्षक रात्रभर बसतही नाही. आवडीचा तुकडा पाहतो व पुढे जातो. अशा प्रेक्षकाची पसंती ट्रिकसीनकडे झुकणे स्वाभाविक आहे, कारण चमत्कार तुकड्यात मावतो, संवादाची चढण मावत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या, सुबोध खानोलकर दिग्दर्शित व दिलीप प्रभावळकर यांची प्रमुख भूमिका असलेल्या 'दशावतार' या चित्रपटाने ही कला पूर्वी कधी न पाहिलेल्या मोठ्या वर्गापर्यंत पोहोचविली. या नव्या कुतूहलाचे रूपांतर जत्रेतील प्रेक्षकात होते की केवळ पडद्यावरील प्रेक्षकात, यावर मंडळांचे पुढील आर्थिक गणित बरेचसे अवलंबून राहील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. प्रदीर्घ कथेचा रसिक नावीन्याचा शत्रू नसतो. दशावताराच्या रसिकाने पेटी, वीज, ध्वनिवर्धक व नाट्यपद हे सारे स्वीकारले, आणि गॉडझिलाच्या चाहत्यानेही नवे तंत्र स्वीकारले. तो विरोध करतो तो पात्राचा स्वभाव मोडण्याला आणि कलेचा गाभा झाकला जाण्याला. 'मूळ' ही संकल्पना इतिहासात सतत बदलत आली असली, तरी तिच्या आडून बोलणारा आक्षेप पोकळ असतोच असे नाही. तो प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

तसेच रसिकाच्या मताचे मोल ते किती तीव्र आहे यावर ठरत नाही. ते मत देणारा कलावंताला व कलावंत त्याला किती जवळून ओळखतो, आणि पुढच्या प्रयोगाच्या निर्णयात त्या मताला काय जागा आहे, यावर ते ठरते. दशावताराने आपल्या रचनेत नावीन्याची जागा आणि गावाच्या व्यवस्थेत रसिकाची जागा, या दोन्ही जागा राखून ठेवल्या आहेत. जागतिक चित्रपट मालिकांना भरपूर चाहते लाभूनही नेमक्या याच दोन गोष्टी लाभल्या नाहीत.

आज दशावताराचा प्रेक्षक जत्रेतून पडद्याकडे सरकत असताना या जागा टिकविण्याची जबाबदारी एकट्या मंडळांवर टाकून चालणार नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी ज्येष्ठ कलावंतांच्या तोंडी असलेल्या आख्यानांचे व संवादपद्धतीचे ध्वनिमुद्रण करणे, विद्यार्थ्यांना संपूर्ण रात्रीचा खेळ जत्रेतच पाहण्यास प्रवृत्त करणे आणि जाणत्या रसिकांची मते साधन म्हणून नोंदविणे, ही कामे सहज हाती घेता येतील. नटाचा शब्द ज्या कानांसाठी घडत आला ते कान गावात शिल्लक असेपर्यंतच ही नोंद होऊ शकते.